वाकड्या चौकटीला बिलगणारी फळी

देवळाली कॅम्पात १८६१ मध्ये ब्रिटिश फौजेची छावणी वसली आणि तिच्यामागोमाग बंगले, सॅनिटोरियम उभी राहत गेली. लॅम रोडच्या बाजूला अशा जुन्या घरांत अजून सागवानी चौकटी दिसतात. चौकटीभोवती गोलाई काढलेली पट्टी, मागे दगडचुन्याची जाड भिंत. ही भिंत पावसाळ्यात जमिनीतली ओल वर ओढते आणि गिलाव्याला लोणा लागतो. तो भाग झाकायला कंबरेएवढ्या उंचीच्या उभ्या फळ्या लावायचं ठरतं. (मागे बॅटन, म्हणजे लाकडी रिपा, ठोकून हवेला वाट ठेवावीच लागते, नाहीतर लाकूड आतून कुजतं.) आणि पहिली फळी दाराशी उभी केली की चौकट कललेली आहे हे उघड होतं.

इतकी वर्षं ते कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. सात फुटांत पाच मिलिमीटरचा झोल डोळ्याला जाणवत नाही. ओळंब्यात धरलेली फळी शेजारी आली की मात्र मधली फट खाली बारीक आणि वर रुंद दिसू लागते.

आता ही फट जागोजागी मोजून आकडे फळीवर उतरवावेत, असं आपल्याला वाटेल. मुरलेला सुतार मोजपट्टी हातातही घेत नाही. तो फळी ओळंब्यात तात्पुरती अडकवतो, शाळेतल्यासारखा कंपास घेतो आणि सगळ्यांत मोठ्या फटीएवढा उघडतो. टोक दाराच्या पट्टीवरून खाली सरकतं, पेन्सिल फळीवर रेघ ओढत जाते. त्या रेघेवर कापून फळी दाराकडे सरकवली की ती पट्टीला बिलगते. खाचखळगे, जुन्या रंगाचे थर, सगळ्यासकट!

हे घडतं कसं? कंपास पूर्ण वेळ आडवा धरला, तर पट्टीवरचा प्रत्येक बिंदू त्याच अंतराने, त्याच दिशेने फळीवर जातो. म्हणजे रेघ ही पट्टीच्या कडेची हुबेहूब नक्कल असते, फक्त बाजूला सरकलेली. कंपास कडेला काटकोनात ठेवत वळवला, तर अंतर तेवढंच राहतं पण दिशा बदलते आणि नक्कल बिघडते. सरळ कडेवर ही चूक लपून राहते. पट्टीच्या पायथ्याचा ठोकळा पुढे आलेला असतो, तिथल्या कोपऱ्यात ती उघडी पडते. एवढी भूमिती त्या मनगटात असते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

कापतानाही एक युक्ती आहे. कड आतल्या बाजूला किंचित तिरकी रंधतात. मग पट्टीला टेकते ती फक्त दर्शनी धार, मागे पोकळी राहते. जुळवायला जेवढं कमी लाकूड, तेवढं ते पटकन जुळतं.

जाडीचा प्रश्न वेगळा. पट्टी पाऊण इंचाची, तर बॅटन आणि फळी मिळून दीड इंच होतात. नवं काम जुन्या पट्टीच्या पुढे येतं आणि कड उघडी दिसते. अशा वेळी जुन्या पट्टीच्या बाहेरून दीड इंच जाडीची एक उभी पट्टी बसवायची. कंपासची रेघ तिच्यावर ओढायची आणि फळ्या तिला भिडवायच्या. जुन्या पट्टीला हातोडीही लावावी लागत नाही, म्हणून मला हाच मार्ग आवडतो.

पण लाकूड स्थिर नसतं. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्यापासून सालीकडे २.५ टक्के आणि लांबीत जवळजवळ नाहीच. त्या हिशेबाने, फळीतली ओल ऋतूनुसार पाच टक्क्यांनी बदलली तर चार इंची फळी सुमारे एक मिलिमीटर रुंदावते. अशा दहा फळ्या एका ओळीत असल्या, तर जवळजवळ एक सेंटिमीटर. हे बळ अखेर दाराच्या पट्टीवरच येतं. म्हणून फळ्यांच्या कडांना जीभ आणि खाच असते. हालचाल तिथे लपते. उन्हाळ्यात काम निघालं तर प्रत्येक सांध्यात बारीक जागा ठेवावी, श्रावणात निघालं तर फळ्या भिडवून बसवाव्यात. दाराजवळची फळी मात्र दोन्ही ऋतूंत पट्टीला घट्ट, आणि तिचा खिळा दाराकडच्या कडेलाच मारावा. मग ती फुगली तरी दारापासून दूर सरकते.