लहान विमानाची थोरवी

प्रवासी विमानाच्या खिडकीतून ढगांचे माथे न्याहाळणाऱ्या माणसाला आपण उडत आहोत हे ठाऊक असते, परंतु त्या उड्डाणाशी त्याचा संबंध फारच थोडा येतो. कारण ज्या वाऱ्यावर ते अजस्र यान तोलले जाते तो वारा, ज्या पंखांनी त्याला धरून ठेवलेले असते ते पंख आणि ज्या निर्णयांमुळे ते सुखरूप मुक्कामी पोहोचते ते निर्णय, या सर्वांपासून प्रवाशाला दूर ठेवण्याचा चोख बंदोबस्त तेथे केलेला असतो. एक इंजिन, एक पंखा आणि दोन किंवा चार आसने एवढाच संसार असलेल्या लहान विमानात असा पडदा नाही. तेथे वाऱ्याचा प्रत्येक हेलकावा हाताला कळतो, इंजिनाच्या आवाजातील किंचित फरक कानाला जाणवतो आणि केलेल्या चुकीचा जाब तत्काळ द्यावा लागतो. उड्डाणविद्येची खरी पाठशाळा म्हणजे हे लहान विमान होय, आणि ज्या देशाला आकाशात मानाचे स्थान हवे असेल त्याने प्रथम आपल्या लहान विमानांची व ती उडवू पाहणाऱ्या हौशी माणसांची कदर केली पाहिजे, असे माझे मत या विषयाच्या दीर्घ सहवासाने बनले आहे.

सर्वसामान्य माणसाने हौसेने विमान चालवावे, ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय मुख्यत्वे जॉफ्री डी हॅविलंड या ब्रिटिश अभियंत्याकडे जाते. त्याचे ‘मॉथ’ हे लाकूड व कापड यांचे दुपंखी विमान 22 फेब्रुवारी 1925 रोजी प्रथम आकाशात गेले. पंख मागे दुमडून ते साध्या छपरीत ठेवता येत असे, त्याची निगा राखणे अवघड नव्हते आणि पुढे त्याला ‘जिप्सी’ इंजिन बसवल्यावर त्याची विश्वासार्हता इतकी वाढली की दूरदूरच्या देशांत त्याच्या आधारावर वैमानिक क्लब निघाले. मुंबईचा फ्लाइंग क्लब 1928 साली जुहूला स्थापन झाला, आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतात देण्यात आलेला पहिला वैमानिकाचा परवाना जहांगीर रतनजी दादाभाई टाटा नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाच्या हाती पडला. त्या परवान्यावर ‘क्रमांक एक’ अशी नोंद होती, आणि त्याचा अभिमान जे. आर. डीं.ना पुढे मिळालेल्या कोणत्याही मानसन्मानापेक्षा कमी वाटला नसावा.

त्या काळच्या हौशी वैमानिकांची मनोवृत्ती कशी होती, याचा एक दाखला येथे देण्याजोगा आहे. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी 500 पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. 1930 च्या मे महिन्यात जे. आर. डी. कराचीहून पश्चिमेकडे निघाले, तेव्हा अवघ्या सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून पूर्वेकडे येत होता. दोघांची गाठ इजिप्तमधील अबूकिरच्या विमानतळावर पडली, आणि तेथे इंजिनाच्या खराब स्पार्क प्लगांमुळे अडकून पडलेल्या आपल्या प्रतिस्पर्ध्याला जे. आर. डीं.नी स्वतःजवळचे जादा प्लग देऊन टाकले. पारितोषिक अस्पीने जिंकले. हाच अस्पी इंजिनिअर 1960 साली भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. स्पर्धा ऐन रंगात असताना आपल्या विजयाचे साधन दुसऱ्याच्या हाती ठेवणारे औदार्य त्या काळच्या वैमानिकांत होते, कारण वाळवंटावर एकटे उडणाऱ्या माणसाला दुसऱ्या एकट्या माणसाची अडचण सांगावी लागत नाही.

त्या स्पर्धेनंतर दोनच वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, जे. आर. डीं.नी ‘पस मॉथ’ या एक इंजिनाच्या विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू गाठले, आणि भारतातील हवाई वाहतुकीच्या एका थोर संस्थेचा पाया घातला गेला. जुहूची धावपट्टी तेव्हा समुद्रालगतची सपाट जमीनच होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि सारा कारभार तेवढ्या मुदतीपुरता पुण्याला हलवावा लागे. त्या पहिल्या फेरीचा सुवर्णमहोत्सव 1982 साली आला, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डीं.नी ‘लेपर्ड मॉथ’ या तशाच जुन्या विमानातून कराची ते मुंबई हा मार्ग पुन्हा आक्रमिला. मोठमोठ्या जेट विमानांच्या कंपनीचा कारभार अनेक दशके पाहिलेल्या या माणसाला आपले ऋण फेडावेसे वाटले ते एका लहान विमानाचे.

परदेशी विमानांवर शिकलेल्या या पिढीनंतर स्वदेशी विमान घडवणारी पिढी आली, आणि तिच्यातील अग्रगण्य नाव मराठी मुलखातील आहे. कोल्हापूरकडील हसूरचंपू या गावी 1908 साली जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेन येथे वायुगतिशास्त्राचे आचार्य लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले, आणि मायदेशी परतल्यावर बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत त्यांनी विमानरचनेची परंपरा उभी केली. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘एचटी-2’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान 1951 च्या ऑगस्टमध्ये उडाले. 1958 साली ‘पुष्पक’ आले. खास फ्लाइंग क्लबांसाठी बनवलेल्या या सुटसुटीत विमानात शिष्य आणि गुरू शेजारी शेजारी बसत, आणि देशातील वैमानिकांच्या एका संपूर्ण पिढीची पहिली तालीम त्यातच झाली.

ही तालीम म्हणजे नेमके काय असते, याविषयी सामान्य वाचकाच्या मनात बहुधा धाडसाच्या कल्पना असतात. वस्तुस्थिती अशी की विद्यार्थ्याचे शिक्षण जमिनीवर, विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालण्यापासून सुरू होते. पंखांच्या कडा, चाके, बिजागऱ्या, पंख्याची पाती हाताने चाचपून पाहायची. तेलाची पातळी बघायची. टाकीच्या तळाची झडप उघडून थोडे पेट्रोल एका पारदर्शक नळीत काढायचे आणि ते प्रकाशासमोर धरायचे. विमानाच्या पेट्रोलला ओळखीसाठी निळा रंग दिलेला असतो. त्यात पाणी उतरले असेल तर ते जड असल्यामुळे तळाशी रंगहीन थेंबाच्या रूपाने स्पष्ट दिसते, आणि तो थेंब इंजिनापर्यंत पोहोचला तर काय होईल हे विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. इंजिन सुरू झाल्यावर दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून तपासतात, कारण ठिणगी पाडणारी यंत्रणा या इंजिनात मुद्दाम दुहेरी ठेवलेली असते आणि दोन्ही शाबूत असल्याची खातरजमा झाल्याखेरीज जमीन सोडायची नाही असा शिरस्ता आहे. ही तपासणी तोंडपाठ असली तरी यादी हातात घेऊनच करतात. स्वतःच्या स्मरणशक्तीवर विसंबून न राहण्याची ही सवय या विद्येचा पहिला संस्कार होय.

दुसरा संस्कार आकाशात होतो आणि तो याहून कठीण आहे. पंखावरून वाहणारी हवा विशिष्ट कोनापर्यंतच त्याला चिकटून राहते. विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर उचलले, म्हणजे पंख व समोरून येणारी हवा यांमधील कोन साधारण पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेला, की तो प्रवाह तुटतो, पंखाची उचल एकाएकी घटते आणि विमान खाली येऊ लागते. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात, आणि इंजिनाशी त्याचा काही संबंध नसतो. खाली जाणाऱ्या विमानात बसलेल्या माणसाची उपजत बुद्धी त्याला सांगते की दांडा ओढ, नाक वर कर. परंतु तसे केल्याने कोन आणखी बिघडतो. बचावाचा मार्ग नेमका उलट असतो: जमीन दिसत असताना नाक जमिनीकडेच झुकवायचे, पंखांना हवा परत मिळू द्यायची आणि मग सावकाश वर यायचे. प्रशिक्षक हा प्रसंग पुरेशा उंचीवर पुनःपुन्हा घडवून आणतो, आणि भीतीने सुचवलेले उत्तर बाजूला सारून अभ्यासाने शिकवलेले उत्तर देण्याची शक्ती विद्यार्थ्याच्या हातात हळूहळू मुरते. माणसाच्या स्वभावावर इतका थेट परिणाम करणारे शिक्षण मला दुसरे माहीत नाही.

त्यानंतर ‘सर्किट’चा दीर्घ अभ्यास असतो. वाऱ्याला सामोरे होऊन उड्डाण करायचे, साधारण एक हजार फुटांवर धावपट्टीला समांतर उलटे यायचे, दोन वळणे घेऊन पुन्हा तिच्या रेषेत यायचे आणि उतरायचे. उतरताना जमिनीच्या अगदी निकट आल्यावर नाक हलकेच उचलून विमानाला चाकांवर टेकू द्यावे लागते, आणि येथे नवशिक्याची नजर हमखास पुढच्या चाकाखालच्या जमिनीवर खिळते. सायकल शिकणाऱ्या मुलाला ‘पुढे बघ’ म्हणून सांगावे लागते, तसेच प्रशिक्षक त्याला धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे पाहायला सांगत राहतो. मग एके दिवशी, पूर्वसूचना न देता, प्रशिक्षक विमान थांबवायला लावतो, पट्टा सोडून खाली उतरतो आणि दार लावून घेतो. एका माणसाचे वजन कमी झालेले ते विमान नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडते, आणि शेजारचे रिकामे आसन पाहून विद्यार्थ्याला कळते की आता उतरवण्याची जबाबदारी आपली एकट्याची आहे. या पहिल्या ‘सोलो’ची आठवण जन्मभर जपलेले वयोवृद्ध वैमानिक मी पाहिले आहेत; हजारो तासांच्या कारकिर्दीविषयी ते दोन वाक्यांत बोलतात आणि त्या काही मिनिटांविषयी तासभर.

कायद्याच्या दृष्टीने पाहता आपल्याकडे सोळाव्या वर्षी विद्यार्थी वैमानिकाचा परवाना घेता येतो. सतराव्या वर्षी किमान 40 तासांच्या उड्डाणानंतर खासगी परवान्याची, आणि अठराव्या वर्षी 200 तासांनंतर व्यावसायिक परवान्याची पात्रता येते. त्याखेरीज वैद्यकीय तपासणी आणि हवाई नियम, नौकानयनासारखेच दिशाशास्त्र, हवामान, यंत्रज्ञान व रेडिओवरील संभाषण यांच्या परीक्षा असतात. यांपैकी हवामानाचा अभ्यास पुस्तकात संपत नाही. आपल्या पठारावर उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात, लहान विमानाला धक्के बसतात, शिवाय उष्ण हवा विरळ असल्यामुळे पंख आणि इंजिन दोहोंची ताकद घटून धावपट्टी अधिक लागते. म्हणून बारामतीला किंवा धुळ्याला शिकणारा विद्यार्थी पहाटेच हजर असतो. पुण्याच्या हडपसर केंद्रात मात्र याच तापलेल्या लोटांची वाट पाहिली जाते. तेथे 1950 पासून ग्लायडिंगचे शिक्षण चालत आले आहे, आणि इंजिनच नसलेले ग्लायडर वर चढवण्यासाठी वैमानिक आकाशात घिरट्या घालणारी घार शोधतो. जेथे ती पंख न हलवता वर जात असेल तेथे वर जाणारी हवा आहे, हे त्याला ठाऊक असते.

या विद्येची आवड पुष्कळांच्या मनात प्रथम रुजते ती हवाई प्रात्यक्षिकांच्या मैदानात. बंगळूरजवळच्या येलहंका तळावर 1996 पासून भरणाऱ्या ‘एअरो इंडिया’ प्रदर्शनातील गर्दी मी पाहिली आहे. ‘सूर्यकिरण’ पथकाची नऊ विमाने एकमेकांपासून काही मीटरांवर राहून एकाच वेळी वळतात, तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसलेली मुले आणि काठी टेकून उभे असलेले वृद्ध एकाच भाषेत आश्चर्य व्यक्त करतात. त्यांच्यामागे उमटणारा धूर तप्त झोतात डिझेल सोडून तयार करतात, आणि त्या रेषेत किंचित जरी वाकडेपणा आला तरी जाणत्याला वैमानिकाच्या हातातील चूक दिसते. 1996 साली स्थापन झालेल्या या पथकाने आधी अनेक वर्षे ‘किरण’ विमाने वापरली. हे प्रशिक्षण विमानही डॉ. घाटग्यांच्याच नेतृत्वाखाली घडले होते, आणि विद्यार्थ्यांसाठी आखलेले यंत्र इतक्या नजाकतीने नाचू शकते याचा मला आजही आनंद वाटतो.

अशा प्रात्यक्षिकांत शिस्तीची किंमत फार मोठी आहे. जर्मनीत रामश्टाइन येथे 28 ऑगस्ट 1988 रोजी इटालियन पथकाची विमाने परस्परांवर आदळून त्यांतील एक प्रेक्षकांत कोसळले, सत्तर माणसे प्राणाला मुकली, आणि तेव्हापासून प्रेक्षकांच्या दिशेने कसरती न करण्याचे व पुरेसे अंतर राखण्याचे नियम अनेक देशांत कडक झाले. शिस्तीने पार पडलेल्या अशाच एका प्रात्यक्षिकात, वायुदल दिनाच्या सोहळ्यात हिंडनच्या तळावर, लढाऊ विमानांच्या गर्जना विरल्यानंतर वायुदलाने जतन केलेले पिवळे ‘टायगर मॉथ’ संथपणे समोरून गेले, तेव्हा त्यातील वैमानिकाचे डोके, कापडी पंखांमधील तारा आणि मागचे सुकाणू हलताना साध्या डोळ्यांनी दिसत होते. वेगवान विमानाने मला दिपवले. या विमानाने उडणे ही माणसाने करण्याजोगी गोष्ट आहे असा विश्वास दिला.

तो विश्वास मुंबईतही कोणाला तरी वाटला होता. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान स्वतः बांधले, 2016 सालच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांसमोर मांडले, आणि दीर्घ पाठपुराव्यानंतर 2017 साली त्याची नोंदणी व 2019 साली उड्डाणाची परवानगी मिळवली. अशा माणसांची कागदपत्रे दफ्तरातून लवकर हलली पाहिजेत. आज बहुतेक विद्यार्थी नोकरीची पहिली पायरी म्हणून क्लबात येतात, आणि तेथील खर्च पाहता त्यांना दोष देता येत नाही. तरीही केवळ आवडीखातर उडू इच्छिणाऱ्या शिक्षकाला, डॉक्टरला किंवा शेतकऱ्याच्या मुलीला जिल्ह्याजिल्ह्यांतील ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर परवडेल अशा दरात ग्लायडर किंवा दोन आसनी विमान उपलब्ध करून देण्याची तजवीज शासनाने व क्लबांनी केली, तर तो पैसा वाया जाणार नाही. कारण त्यांच्यापैकी फार थोडे जण वैमानिकाचा व्यवसाय करतील, पण प्रत्येक जण निघण्यापूर्वी पेट्रोल प्रकाशासमोर धरून पाहायला आणि संकटात भीतीचे न ऐकता शिकलेले करायला शिकून परतेल. आणि असे नागरिक कोणत्याही देशाला जमिनीवरच्या कारभारातही पुष्कळ हवे असतात.