‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी

‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने आपल्याकडील ज्येष्ठांचे फार नुकसान केले आहे. विसरणे वयाबरोबर यायचेच, असे घरच्यांनी एकदा ठरवले की तपासणीची वेळ निघून जाते. चष्मा कोठे ठेवला ते आठवत नाही, हा विसर वयाचा असू शकतो. रोजच्या बाजारातून घरची वाट सापडत नाही किंवा चहा करताना पुढे काय घालायचे ते सुचत नाही, हा वयाचा नव्हे.

१९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झालेली ऑगुस्ट डेटर अवघी ५१ वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर, १९०६ मध्ये, डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूतील दोन विकृती मांडल्या: पेशींबाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता. पुंजक्यांतील प्रथिन अ‍ॅमिलॉइड, गुंत्यातील टाऊ, हे कळायला पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे गेली. जिवंतपणी त्यांचा माग काढायचा तर पाठीच्या कण्यातील द्रव काढावा लागे, किंवा महागडा पेट स्कॅन. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यासाठी प्रथमच रक्ताच्या चाचणीला परवानगी दिली. मात्र ती लक्षणे दिसणाऱ्या, ५५ वर्षांवरील व्यक्तींसाठीच आहे. लक्षणे नसताना कुतूहलापोटी ती करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अ‍ॅमिलॉइड साचलेले असूनही पुष्कळांची स्मृती शाबूत असते. हाती येते ती केवळ धास्ती.

त्याआधी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि तेही बहुधा गावातल्या प्रयोगशाळेत होते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी घरांत आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये वारंवार आढळते. थायरॉइड मंदावले की विचारही मंदावतो. जोडीदाराच्या निधनानंतरचे नैराश्य हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखे भासते. सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, लघवीच्या तक्रारीवरील काही औषधे यांनीही वृद्धांचे भान हरपते. न्हाणीघरात घसरून डोक्याला किरकोळ मार लागावा आणि काही आठवड्यांनी बोलण्यात गोंधळ दिसावा, तर कवटीखाली रक्त साचले असण्याची शंका घेऊन तातडीने सीटी स्कॅन करावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अधिकच. यांतील बरेच दोष, वेळीच सापडले तर, दुरुस्त होतात.

‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित, बदलता येण्याजोगे १४ घटक सांगितले. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांच्या जोडीला त्यांत ऐकू न येणेही आहे. श्रवणयंत्राला नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

स्मृतीची प्रश्नावली सोडवून घेताना डॉक्टरांना रुग्णाचे शिक्षण आवर्जून सांगा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजींना शंभरातून सात-सात वजा करता आले नाहीत, तर तो आजार ठरत नाही. त्यांना सणांचा क्रम, नातवंडांची नावे, स्वयंपाकाची कृती विचारावी. सोबत चालू औषधांच्या साऱ्या पट्ट्या, आयुर्वेदिक चूर्णांसह, एका पिशवीत न्या. पहिला फरक कोणत्या महिन्यात जाणवला, तेही लिहून ठेवा.