रविवारी न दुखणारे पोट

वैद्यकव्यवसायात वीस वर्षे काढल्यानंतर स्वतःची चूक लिहून काढणे सोपे नसते. तथापि सुज्ञ वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधालये चालविणाऱ्या स्नेह्यांपुढे ती मांडल्यावाचून प्रस्तुत विषयाला हात घालणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी, भातकापणीच्या दिवसांत, रत्नागिरी तालुक्यातील एक आजी आपल्या दहा वर्षांच्या नातवाला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलाचे रोज सकाळी बेंबीभोवती दुखे, कधी उलटी होई. दुपारपर्यंत सारे शांत. जिव्हा साम, भूक अनियमित. आम्ही हिंग्वाष्टक चूर्ण दिले, कृमिचिकित्सा केली, पथ्यापथ्य समजाविले. सोनोग्राफीही करवून घेतली. तीत काही निघाले नाही. अशा रीतीने तीन महिने गेले. एके दिवशी पुड्या पिशवीत ठेवता ठेवता आजी सहज म्हणाल्या, "रविवारी नाय हो दुखत त्याच्या पोटात."

तीन महिन्यांत जो प्रश्न आम्ही विचारावयास हवा होता, त्याचे उत्तर आजींनी न विचारताच दिले. मग मुलाशी एकट्याने बोललो, आईला बोलावून घेतले. मुंबईची नोकरी सुटल्याने वडील गावी परतले होते, मद्यपान वाढले होते, रात्री घरात भांडणे होत. आपण शाळेत गेल्यावर आईचे काय होईल, ही धास्ती त्या मुलाने पोटात साठविली होती. त्याची वेदना खोटी नव्हती. आमचे निदान अपुरे होते.

शास्त्राने सांगितले, आम्ही विसरलो

कौमारभृत्य हे आयुर्वेदाच्या अष्टांगांपैकी एक अंग. परंतु त्यातील मनाचा विचार आपण पदवी परीक्षेनंतर बहुधा मिटून ठेवतो. बालक रडत असेल, जेवत नसेल वा ऐकत नसेल, तरी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्यास भिववू नये, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानात स्पष्ट सांगितले आहे. सुश्रुताचार्यही बालकास धाकदपटशा करू नये, त्यास एकाएकी जागे करू नये, असे बजावतात. 'बागुलबुवा येईल' किंवा 'डॉक्टर सुई टोचतील' असे बालकास आपल्याच दवाखान्यात सांगितले जाते, तेव्हा आपण किती वेळा आक्षेप घेतो?

चरकसंहितेतील दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय या त्रिविध चिकित्सेपैकी मधल्या एकीवरच आपला व्यवसाय उभा आहे. अहितकर विषयांपासून मनास आवरणे, हा सत्त्वावजयाचा अर्थ. पण अहितकर विषय बालकाच्या घरातच असेल, तर एकट्या बालकाच्या मनाने किती आवरावे? तेथे चिकित्स्य केवळ बालक नसून संपूर्ण कुटुंब असते.

हा विचार आधुनिक मनोवैद्यकासही नवा नाही. मुंबईत १९३७ साली, आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. वैद्य, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता यांनी मिळून बालकाचा, त्याच्या घराचा व शाळेचा एकत्र विचार करावा, ही अशा केंद्रांमागील कल्पना. मुंबईत रुजलेला हा विचार आपल्या वाड्यावस्त्यांपर्यंत कसा पोहोचावा, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्यात काय आहे

रत्नागिरीस मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. इतर तीन ठाणे, येरवडा व नागपूर येथे आहेत. परंतु या दीर्घ सहवासातून ओळखीपेक्षा धास्तीच अधिक वाढली. 'मनाच्या डॉक्टरकडे' म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे त्या इमारतीची भिंत उभी राहते. वस्तुतः २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अल्पवयीन मुलास केवळ अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येते, त्यास प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते. बहुतेक मुलांना दाखल होण्याची वेळच येत नाही. हे पालकांस समजावून सांगणे, हे आपले पहिले काम.

१९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता यांचे पथक अभिप्रेत आहे. २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मतः व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. या फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असावेत, अशी मूळ रचना आहे. म्हणजे मंडणगडपासून राजापूरपर्यंत बालकांच्या दारी जाणाऱ्यांत आपलेच पदवीधर आहेत. त्यांनी दात, डोळे, वजन यांसमवेत बोलणे, खेळणे, नजरेला नजर देणे याचीही नोंद तितक्याच आस्थेने केली, तर पुष्कळ साधेल.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झाले. त्यात महाराष्ट्र नव्हता. तरीही तेरा ते सतरा वर्षे वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी तिघे, असा त्याचा अर्थ.

दवाखान्यात आणि औषधालयात

आम्ही आता प्रत्येक शालेय मुलाच्या बाबतीत चार प्रश्न विचारतो. सुटीच्या दिवशी त्रास होतो का? झोप कशी आहे? घरात अलीकडे काय बदलले? शाळेत कोणाची भीती वाटते का? यास पाच मिनिटे लागतात. शेवटचे दोन प्रश्न शक्यतो मुलास एकट्याने विचारावेत.

काही लक्षणे मात्र थांबण्याजोगी नसतात. दोन वर्षांचे बालक दोन शब्द जोडत नसेल, हाक मारली असता वळून पाहत नसेल, अथवा आलेले शब्द विसरत असेल, तर 'उशिरा बोलेल' असा धीर देऊन त्याचे मोलाचे दिवस घालवू नयेत. श्रवणाची व विकासाची तपासणी तत्काळ व्हावी. मुलगा वा मुलगी मरणाची भाषा बोलत असेल, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे, तोवर एकटे सोडू नये. अपस्माराचे चालू औषध आपल्या औषधाच्या भरवशावर बंद करवू नये. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळविण्याचे बंधन आपणांवरही आहे.

औषधालयाच्या मालकांस एक विनंती. दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की ब्राह्मी, शंखपुष्पीच्या बाटल्यांना मागणी वाढते. या द्रव्यांचे मोल आम्ही जाणतो. परंतु चौथ्यांदा बाटली न्यावयास आलेल्या आईला 'मूल झोपते का, जेवते का?' एवढे अवश्य विचारावे. अक्षरे उलटसुलट लिहिणाऱ्या मुलास कदाचित अध्ययन अक्षमता असेल. त्यास बाटलीपेक्षा तपासणीची आणि परीक्षेतील जादा वेळेची गरज असते, आणि रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यास ती सवलत मिळते. १४४१६ हा टेली-मानसचा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो आणि बालकांसाठीचा १०९८ हे दोन क्रमांक गल्ल्याजवळ ठळक लावावेत.

ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालणाऱ्या आजीस आम्ही अडवीत नाही. त्याने कुटुंबास धीर येत असेल, तर तेही हवेच. मात्र भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण होत असेल, तर तेथे ठामपणे उभे राहावे. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचकांस कळावयास हवे. मुलास व आईस आम्ही जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाकडे धाडले. शाळेतील गुरुजींशी बोललो. काही दिवस पहिल्या तासाला उशीर झाला तरी त्यांनी चालवून घेतले. वडील व्यसनमुक्तीसाठी आले, मध्येच सोडून गेले, पुन्हा आले. त्यांची लढाई अजून चालू आहे. मुलगा मात्र शाळेत जातो. पोट क्वचित दुखते आणि दुखले की तो आता कारणही सांगतो.

पुढच्या वेळी 'पोटात दुखते' म्हणणारे मूल आपल्या समोर बसेल, तेव्हा चूर्णाची पुडी बांधण्याआधी रविवारविषयी अवश्य विचारावे, एवढीच आमची नम्र विनंती.