रोलचं शेवटचं टोक

किचन टॉवेलचा नवा रोल उघडताना वरचे दोन-तीन थर एकदम फाटून हातात येतात ना? तुमचं काही चुकत नाही. दोष डिंकाच्या एका रेघेचा आहे. माझं पीएचडीचं काम याच रेघेवर चालू आहे, म्हणून थोडं सांगतो.

कारखान्यात मोठ्या रिळावरून कागद सुटतो, त्यावर फाडायच्या छिद्रांची ओळ पडते आणि तो पुठ्ठ्याच्या लांब नळीवर गुंडाळला जातो. या लांबलचक रोलला 'लॉग' म्हणतात. समजा, कागद मिनिटाला ६०० मीटर येतोय. ४ सेंमी व्यासाची नळी सुरुवातीला मिनिटाला सुमारे ४,८०० फेरे घेईल. रोल १२ सेंमीचा झाला की १,६००. फेरे असे कमी केले नाहीत तर कागद ताणून तुटेल.

मग लॉगच्या सुट्या टोकाला डिंक लावतात आणि त्यानंतर करवत त्याचे छोटे रोल कापते. टोक सुटंच राहिलं तर लॉग कापतानाच उलगडायला लागेल.

गोम इथे आहे: हा कागद पाणी शोषायलाच बनवलेला! पाणीदार डिंक जास्त झाला की खालच्या थरांत झिरपतो आणि वाळल्यावर ते थर एकमेकांना चिकटतात. कमी पडला तर पॅकिंगआधीच टोक सुटतं. म्हणजे यंत्रात घट्ट धरायचं आणि तुमच्या बोटाला मात्र अलगद सोडायचं, अशी दुहेरी कसरत.

पुढच्या वेळी नखाने कुठेही उकरू नका. बऱ्याच रोलमध्ये डिंकाची रेघ टोकापासून जरा आत असते, टोकाची पट्टी मुद्दाम मोकळी सोडलेली असते. बोट तिथे घाला.