खेळातले जनावर ऐकेना, तेव्हा

कथा-खेळात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात आणि अवघड प्रसंगाचा निकाल फासा टाकून लावतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यातला सर्वांत गाजलेला खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यात पात्रासोबत लांडग्यासारखे एखादे जनावरही असू शकते. हे जनावर ऐकेनासे झाले की भांडण ठरलेले. धाकट्याचा लांडगा आपाचा बेत उधळतो, आपा म्हणते, “त्याला मारूनच टाका,” आणि धाकटा रडू लागतो.

भंडाऱ्याकडे ज्यांनी शंकरपट पाहिला आहे, त्यांना माहीत आहे की बिथरलेली बैलजोडी आरडाओरड्याने आणखी बिथरते. तिथे धुरकऱ्याची ओळख कामी येते, जोर नव्हे. खेळाच्या २०१४च्या नियमांतही जनावर हाताळण्याचे कौशल्य ताकदीत नाही, शहाणपणात मोडते. वीस बाजूंच्या फाशावर सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५ आणि अवघड कामाला २० लागतात.

म्हणून गोष्ट सांगणाऱ्या मोठ्यांनी जनावर का बिथरले ते आधी ठरवावे: भूक, तहान, आग की वाघाचा वास? त्याची खूण मुलांना द्यावी. मुलाने कारण ओळखून पाणी पाजले, तर २० ऐवजी १० मागावेत. फासा चुकलाच, तर जनावर पळून जाऊ द्यावे. पण आपाची पाळी तिलाच मिळावी.

तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस मुलांनी ऐकलेली असतेच. इथे ती वागून पाहता येते.