नुसतं ‘आवळा’ म्हणून भागत नाही

बाळंतपण होऊन वर्ष उलटलं तरी शिंकताना, खोकताना, मुलाला उचलून घेताना लघवीचे थेंब गळतात, हे बाईनं धीर करून सांगितलंच, तर घरातून उत्तर येतं, ‘होतं गं, आम्हालाही व्हायचं.’ दवाखान्यातून येतं, ‘केगेल करा.’ म्हणजे नेमकं काय करायचं? तर लघवी रोखताना आवळतो तसं आवळायचं आणि सोडायचं, दिवसातून शंभरदा. मग ती बसमध्ये, भाजी निवडताना, टीव्हीसमोर आवळत राहते. दोन महिन्यांत फरक पडला नाही की सोडून देते, आणि पुढची वीस वर्षं पॅड आणि गडद रंगाचे कपडे यांवर निभावून नेते.

ज्यांच्या नावानं हा सल्ला फिरतो, त्या अर्नोल्ड केगेल यांची रीत अगदी वेगळी होती. लॉस एंजेलिसमधल्या या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली आपला गाजलेला लेख लिहिला. ते आधी बोटानं तपासून स्नायू हलतो की नाही ते बघत. मग एक साधं यंत्र वापरत. योनीत ठेवायची रबरी नळी हवेच्या दाबाच्या तबकडीला जोडलेली असे. बाईनं बरोबर स्नायू आवळला की काटा सरके, चुकीचा आवळला की जागचा हलत नसे. या यंत्राला त्यांनी पेरिनिओमीटर असं नाव दिलं होतं. घरी करायचा सरावही हा काटा बघत, रोज तीन वेळा वीस-वीस मिनिटं. जगभर पसरलं ते केगेल यांचं नाव, तपासणी आणि काटा मागेच राहिला. या विषयातली निम्मी निराशा मला तिथूनच आलेली दिसते.

पुढे जघनाचं हाड, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना बसताना टेकतात ती हाडं. या चौकटीत झोळीसारखा पसरलेला स्नायूंचा थर म्हणजे पेल्व्हिक फ्लोअर, ओटीपोटाचा तळ. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार तो पेलतो. लघवी, शौच आणि वारा कधी धरायचा, कधी सोडायचा हेही तोच सांभाळतो. समागमातही त्याचा भाग असतोच. त्याचे बरेचसे तंतू संथ जातीचे असतात, दिवसभर न थकता थोडा ताण धरून ठेवणारे. उरलेले चपळ असतात आणि शिंक, खोकला, उडी अशा वेळी क्षणात आवळले जातात. शिवाय हा थर श्वासाच्या पडद्याशी जोडीनं चालतो. श्वास घेतला की दोन्ही किंचित खाली येतात, सोडला की वर जातात. जड उचलताना दम कोंडून धरणाऱ्या माणसाचा सगळा दाब खालच्या या थरावर येतो तो त्यामुळेच.

नैसर्गिक बाळंतपणात बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूचा आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जाऊ शकतो. सिझेरियन झालं तर धोका कमी होतो, पण नऊ महिने वाहिलेला भार काही कमी नसतो. त्यात जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेलं वजन, पाण्याचे हंडे, पाळी गेल्यानंतरचा काळ यांची भर पडते. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना किती निगुतीनं पाळतात! डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, मालिश, पोट बांधणं, सगळं होतं. पण ज्या जागेतून मूल बाहेर आलं, त्या जागेच्या स्नायूकडे कुणी पाहत नाही. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर याच स्नायूंच्या उपचाराच्या साधारण दहा बैठका डॉक्टर किंवा सुईण लिहून देते आणि त्यांचा खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो. तिथल्या बायकांना त्यात काही अवघड वाटत नाही, कारण तो बाळंतपणाचाच एक भाग मानला जातो.

आता मुख्य मुद्दा. आवळून आवळून उपयोग होत नाही याची कारणं दोन, आणि ती एकमेकांच्या उलट आहेत.

पहिलं, बाई भलतंच काहीतरी आवळत असते. नितंब, मांड्या, पोट सगळं ताठ होतं आणि हवा तो स्नायू निवांत पडलेला असतो. काही जणी तर वर ओढण्याऐवजी खाली जोर लावतात, म्हणजे रोज नेमानं दुखणं वाढवतात. नॉर्वेतल्या फिजिओथेरपिस्ट कारी ब्यो यांच्या पाहण्यांत पहिल्या भेटीत जवळपास तीसेक टक्के बायकांना हा स्नायू बरोबर आवळता आला नव्हता. नुसतं समजावून सांगितल्यावर आपल्याला जमलं असं त्यांना वाटतं, पण तपासल्यावर कळतं की जमलेलं नाही.

दुसरं कारण अधिक फसवं आहे. स्नायू ढिला नसतोच, उलट सतत आवळलेला असतो. त्यातून माकडहाडाजवळ ठणका, संबंधाच्या वेळी असह्य वेदना, लघवीला अडखळत जाणं, पुन्हापुन्हा लागल्यासारखं वाटणं, शौचाला जोर लावूनही साफ न होणं अशा तक्रारी सुरू होतात. हा माणूस ‘केगेल’ करायला लागला की त्याचं दुखणं वाढतं. त्याला शिकायचं असतं सोडणं. खोल श्वास, पोट सैल ठेवणं, गुडघे छातीशी घेऊन पडणं, गाठी आलेल्या जागी थेरपिस्टनं बोटानं हळूहळू दाब देणं असा हा उपचार चालतो. योनी आपोआप घट्ट मिटते आणि नवविवाहितेला जवळीकच नकोशी होते, अशा कितीतरी घरांत ‘मुलगी थंड आहे’ इथवर गोष्ट जाते. मूत्राशयाच्या जुनाट वेदनेनं त्रासलेल्या बायकांवर अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत ओटीपोटाच्या स्नायूंवर नेमके उपचार मिळालेल्यांपैकी ५९ टक्क्यांना आराम पडला. साधी अंगाची मालिश मिळालेल्यांत हा आकडा २६ टक्के होता.

पुरुषांचंही असंच. ओटीपोटात, वृषणांमागे दुखतं म्हणून ‘प्रोस्टेटला सूज’ असं निदान होतं आणि महिनोन्‌महिने अँटिबायोटिक्स चालतात. प्रत्यक्षात अशा जुनाट तक्रारींपैकी ९० टक्क्यांहून अधिकांत जंतूच नसतात, आणि त्यातल्या अनेकांत आवळून बसलेला स्नायू हा दुखण्याचा मोठा भाग असतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांचं गणित उलटं. खुर्चीतून उठताना त्यांची लघवी गळते, म्हणून त्यांना आवळणंच शिकावं लागतं, तेही शक्यतो शस्त्रक्रियेच्या आधीपासून. एकच स्नायू, दोन शेजारी, दोन उलट उपचार. तपासल्याशिवाय कोणाला काय द्यायचं ते कळणार कसं?

पहिल्या भेटीत बराचसा वेळ बोलण्यात जातो. दिवसात किती वेळा जाता, रात्री उठावं लागतं का, पाणी किती पिता, चहा किती, बाळंतपणं कशी झाली, शौचाचं काय. मग परवानगी विचारून तपासणी होते. हातमोजा घातलेल्या एका बोटानं थेरपिस्ट आतून स्नायूचा जोर, टिकाव आणि दुखरी जागा बघते. जोराला शून्य ते पाच गुण असतात. ब्रिटनमधल्या जो लेकॉक यांनी बसवलेल्या पद्धतीत किती जोरानं, किती सेकंद, किती वेळा आणि किती झटपट, अशा चारही बाजू मोजतात आणि त्यावरून त्या बाईपुरता व्यायाम ठरतो. कुणाला सुरुवातीला तीन सेकंदच जमतात, तिला दहाचा आकडा देण्यात अर्थ नसतो. आतून तपासणी नको असेल तर नाही म्हणता येतं. पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तर स्नायू उचलला जाताना मूत्राशयाचा तळ पडद्यावर हलताना दिसतो. अविवाहित मुलींसाठी हा मार्ग सोयीचा असतो.

आणि मग शिकवणी. ‘काकू, वारा अडवता तसं मागून सुरू करा, पुढे आणा, आता आत ओढा. श्वास रोखू नका, माझ्याशी बोलत राहा.’ बोलता येत असेल तर दम कोंडलेला नाही, एवढी साधी खूण. प्रत्येक आवळण्यानंतर तितकाच वेळ पूर्ण सोडायचं, हे बहुतेक पत्रकांत लिहिलेलंच नसतं. लघवी करताना मधेच धार तोडून सराव करायचा जुना सल्ला मात्र विसरावा, त्यानं मूत्राशय रिकामं होण्याची लय बिघडते.

एक युक्ती कामाला फार लवकर येते. खोकला किंवा शिंक येणार असं वाटताच आधी आवळायचं आणि मग खोकायचं. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ही युक्ती शिकवून आठवडाभरानंतर बायकांना खोकायला लावलं, तर गळणं लक्षणीय कमी झालेलं दिसलं. आठवड्यात स्नायू काही बळकट होत नाही, होतो तो वेळेचा मेळ. बळ यायला महिने लागतात. म्हणून ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची शिफारस किमान तीन महिन्यांच्या देखरेखीखालच्या व्यायामाची आहे, रोज तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठदा. २०१८ सालच्या कोक्रेन आढाव्यात, खोकता-हसताना गळणाऱ्या आणि हा व्यायाम केलेल्या बायकांपैकी ५६ टक्क्यांनी आपण बऱ्या झालो असं सांगितलं. उपचार न मिळालेल्यांत असं म्हणणाऱ्या ६ टक्के होत्या. विजेच्या हलक्या झटक्यांची यंत्रं आणि योनीत धरायची वजनं हल्ली ऑनलाइन विकली जातात. ब्यो यांनी १९९९ साली १०७ बायकांवर सहा महिने तुलना केली, तेव्हा या दोन्हींपेक्षा देखरेखीखालचा साधा व्यायामच सरस ठरला.

‘हे तर आपल्याकडे होतंच’ असं म्हणणारेही भेटतात. हठयोगप्रदीपिकेत मूलबंध आहे, घेरंड संहितेत अश्विनी मुद्रा आहे, खरं आहे. पण योगवर्गात ओळीनं बसलेल्या तीस जणींपैकी कोणाचा स्नायू ढिला आणि कोणाचा आधीच ताणलेला, हे समोर बसलेल्या शिक्षिकेला दिसत नाही. अडचण अश्विनी मुद्रेत नाही, ती सरसकट सगळ्यांना देण्यात आहे.

शौचाबद्दल थोडं. गुदाशयाभोवती स्नायूचा एक फास असतो, तो ताणलेला असताना मार्ग दुमडलेला राहतो आणि उकिडवं बसलं की बराच सरळ होतो. कमोडवर बसणाऱ्यांनी पायाखाली पाट किंवा बुटकं स्टूल घ्यावं, एवढ्यानंही अनेकांचं काम होतं. काही जणांचा हा फास जोर लावताना सुटण्याऐवजी आवळतो. ते इसबगोल आणि जुलाबाच्या गोळ्या बदलत राहतात. त्यांना बायोफीडबॅकनं, म्हणजे पडद्यावर स्नायूची हालचाल बघत, सोडायला शिकवावं लागतं.

मर्यादाही आहेत. अंग थोडं खाली आलं असेल तर व्यायामानं जडपणा कमी होतो. ते पार बाहेर येत असेल तर पेसरी नावाची कडी बसवणं किंवा शस्त्रक्रिया, हेच पर्याय उरतात. शस्त्रक्रियेतही घाई महागात पडते. अंग सावरायला योनीमार्गातून बसवायच्या कृत्रिम जाळ्यांनी इतक्या बायकांना वेदना दिल्या, की २०१८ मध्ये इंग्लंडनं त्यांचा वापर थांबवला आणि २०१९ मध्ये अमेरिकेनं त्यांची विक्री बंद केली. लघवीत रक्त दिसलं तर आधी डॉक्टर. मांड्यांच्या मधली जागा अचानक बधिर होऊन लघवी अडली तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचं, कारण तिथे मणक्यातल्या नसा दाबल्या गेलेल्या असू शकतात.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, सरकारी समितीनं बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यामागची कारणं अनेक होती. पण ‘सोसा’ आणि ‘काढून टाका’ यांच्या मधली पायरीच गावात नसली की काय होतं, ते यातून दिसतं. आणि गर्भाशय काढल्यानं तळाचा स्नायू बळकट होत नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणत बायका सार्वजनिक मुताऱ्यांसाठी भांडल्या, त्याचाही इथे संबंध आहे. बाहेर सोय नाही म्हणून पाणीच न पिणं, घरातून निघताना ‘असू दे’ म्हणून उगाच जाऊन येणं, या दोन्ही सवयींनी मूत्राशय चिडखोर होतं, आणि थेरपिस्टचा पहिला महिना पुष्कळदा त्या मोडण्यात जातो.

जायचं कुठे? वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतो, तिथे स्त्री-आरोग्याचं काम कोण करतं ते विचारावं. खासगीत गेलात तर पैसे भरण्याआधी विचारावं की तपासणी कशी करता, आणि आवळणं शिकवता तसं सोडणंही शिकवता का. नुसताच छापील कागद हातात ठेवला तर दुसरीकडे जावं. जाताना तीन दिवसांची नोंद सोबत न्यावी: किती वाजता किती प्यायलं, किती वाजता किती लघवी झाली, कधी गळली आणि तेव्हा काय करत होतो. मोजायला जुना प्लास्टिकचा मग पुरतो.