फोनमधील मुका रेडिओ

निपाणी आणि आसपासच्या गावांत विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे हात दिवसभर तेंदूपान, तंबाखू आणि दोरा ह्यांत गुंतलेले असतात. कान मात्र मोकळे असतात. अशा कामात जुंपलेल्या माणसाला बातमी सांगावी, गाणे ऐकवावे, पावसाचा अंदाज कळवावा आणि त्याबद्दल महिन्याला एक पैसाही मागू नये, असे साधन विसाव्या शतकाने दिले. ते म्हणजे रेडिओ. प्रथम तो दिवाणखान्यातील मोठ्या पेटीत होता, मग फळीवरच्या ट्रान्झिस्टरमध्ये आला, आणि मोबाइल फोन घरोघरी पोहोचला तेव्हा त्या मुठीएवढ्या यंत्रातही येऊन बसला. पुढे मात्र एक चमत्कारिक उलटापालट झाली. बटणांच्या साध्या, स्वस्त फोनात रेडिओ वाजतो. परंतु त्याच्या दसपट किमतीच्या पुष्कळ स्मार्टफोनांत तो सापडत नाही. काही फोनांत तर रेडिओ ग्रहण करण्याची शक्ती असूनही तिला कुलूप घातलेले असते. हे कुलूप कोणी घातले, का घातले, आणि ते काढावे किंवा नाही, ह्याविषयी जगभर वाद चालू आहे. सीमाभागाच्या दृष्टीने तो केवळ चैनीचा वाद नव्हे.

ह्याचे कारण प्रथम भूगोलात शोधावे लागते. निपाणी महामार्गाने बेळगावपासून सुमारे ७५ किलोमीटर उत्तरेस आहे आणि कोल्हापूर तिच्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ह्या भूमीवरून एक रेषा ओढली गेली. तिच्याविषयीचा वाद २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. परंतु नभोवाणीच्या लहरींना ही रेषा ठाऊक नाही. १९५० मध्ये सुरू झालेले धारवाड केंद्र आणि १९६३ मध्ये सुरू झालेले सांगली केंद्र ह्यांनी ह्या पट्ट्यातील घरांना कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषा एकाच पेटीतून ऐकविल्या. अलीकडे कोल्हापूरची एफ. एम. केंद्रे आणि बेळगावातील ९०.४ मेगाहर्ट्झवरील ‘वेणुध्वनी’ हे सामुदायिक केंद्र ह्यांची त्यात भर पडली. शाळा, कचेरी, फलक ह्यांची भाषा कोणती असावी हे सरकार ठरविते. कानावर कोणती भाषा पडावी हे रेडिओच्या बाबतीत ज्याचे त्याला ठरविता येते. सीमेवरच्या माणसाला ह्या स्वातंत्र्याची किंमत अधिक कळते.

फोनातील रेडिओ चालतो कसा?

एफ. एम. पद्धतीत ध्वनी वाहून नेण्यासाठी लहरीची कंपनसंख्या किंचित कमीअधिक केली जाते. भारतात ह्यासाठी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवलेला आहे. ह्या लहरींची लांबी सुमारे तीन मीटर असते, आणि त्या पकडण्यासाठी तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास तार लागते. फोनाला एवढी तार कोठून आणावी? उत्पादकांनी एक युक्ती काढली. कानात घालावयाच्या इअरफोनची वायर साधारण एवढ्याच लांबीची असते. तिलाच अँटेना बनविण्यात आले. म्हणूनच बहुतेक फोनांत इअरफोन जोडल्याशिवाय रेडिओ लागत नाही. आवाज कर्ण्यातून बाहेर काढला तरी वायर जोडलेली ठेवावीच लागते.

लहरी पकडणारा मंडलाचा भाग तर नखाएवढाही नसतो. वाय-फाय आणि ब्लूटूथ ह्यांचे काम करणाऱ्या ज्या चिपा फोनात बसविलेल्या असतात, त्यांपैकी अनेकींत एफ. एम. ग्राहक अगोदरच अंतर्भूत असतो. तो वापरावयाचा किंवा नाही, हे फोन बनविणारा ठरवितो. अँटेनेची जोडणी केली नाही किंवा रेडिओ चालविणारी प्रणाली फोनात घातली नाही, की तोच ग्राहक निद्रिस्त राहतो. विकत घेणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

ह्यावर सहज सुचणारे उत्तर असे, की इंटरनेटवरून रेडिओ ऐकता येतोच. मग निराळ्या ग्राहकाची गरज काय? आकाशवाणीची पुष्कळ केंद्रे फोनातील अॅपवर ऐकावयास मिळतात, हे खरेच आहे. परंतु वरवर सारख्या दिसणाऱ्या ह्या दोन गोष्टी मुळात भिन्न आहेत. सेकंदाला ६४ किलोबिट ह्या साधारण वेगाने एक तास कार्यक्रम ऐकला, तर सुमारे २९ मेगाबाइट डेटा खर्च होतो. दिवसाला आठ तास काम करता करता ऐकणाऱ्याच्या हिशेबी तो महिन्याला सात गिगाबाइटच्या आसपास जातो. दुसरा भेद ह्याहून महत्त्वाचा आहे. एफ. एम. च्या मनोऱ्यावरून निघालेली लहर दहा माणसांनी ऐकली काय किंवा दहा लाखांनी ऐकली काय, मनोऱ्यावर काडीइतकाही अधिक भार पडत नाही. मोबाइलच्या मनोऱ्याची गोष्ट तशी नाही. तेथे प्रत्येक ऐकणाऱ्यास निराळा वाटा द्यावा लागतो, आणि वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा घास लहान होतो.

पुराच्या दिवसांत

हा भेद नेहमीच्या दिवसांत जाणवत नाही, संकटात जाणवतो. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, हिरण्यकेशी, घटप्रभा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत पूर ही नित्याची धास्ती आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव ह्या तिन्ही जिल्ह्यांत पाण्याने हाहाकार उडविला. पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैमध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी त्याच महामार्गावर आले. अशा वेळी वीज जाते, आणि मोबाइलचे मनोरे बॅटरीवर व डिझेलवर जितके तास तग धरतील तितकेच चालतात. रस्ता पाण्याखाली असता डिझेल तरी कोण पोहोचविणार? मनोरा चालू राहिला तरी सारा मुलूख एकाच वेळी आप्तांना फोन लावीत असतो. उलट एफ. एम. चा १०० मीटर उंचीचा एक मनोरा, डोंगर आड आला नाही तर, भोवतालच्या ४० किलोमीटरच्या टापूत ऐकू येतो. धरणातून किती पाणी सोडले, कोणता पूल बंद झाला, छावणी कोठे उघडली, हे तो मनोरा गल्लोगल्ली एका क्षणी सांगू शकतो.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या प्यूर्टो रिको बेटावर ‘मारिया’ चक्रीवादळ आले आणि तेथील ९० टक्क्यांहून अधिक मोबाइल मनोरे बंद पडले. त्या महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष अजित पै ह्यांनी अॅपल कंपनीस जाहीर आवाहन केले, की लोकांच्या सुरक्षिततेसाठी आयफोनातील रेडिओ खुला करावा. कंपनीने उत्तर दिले, की आयफोन ७ आणि ८ ह्यांत एफ. एम. ची चिप नाही आणि त्या लहरी पकडणारी अँटेनाही नाही. सबब खुले करण्याजोगे काही नाही. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून इअरफोनचे गोल छिद्र काढून टाकण्यात आले, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. छिद्र गेले, वायर गेली, आणि वायरीबरोबर अँटेना गेली.

दोन्ही बाजू

उत्पादकांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. फोनाच्या पोटात तांदळाएवढ्या जागेसाठीही चढाओढ असते. छिद्रे जितकी कमी तितके पाणी आत शिरण्याचे भय कमी. तारेविना चालणारे इअरफोन लोकांनी आपखुशीने स्वीकारले आहेत. जी सोय फारसे कोणी मागत नाही, ती सर्वांच्या माथी का मारावी, असा त्यांचा प्रश्न आहे. टीकाकारांचे म्हणणे असे, की फुकट ऐकता येणारा रेडिओ ज्यांच्या डेटाच्या आणि गाण्यांच्या विक्रीस आड येतो, त्यांच्या सोयीसाठीच तो मुका ठेवला जातो. हा आरोप करणाऱ्यांत खाजगी रेडिओ कंपन्याही आहेत, आणि श्रोते वाढले म्हणजे त्यांच्या जाहिराती वाढतात, हेही विसरून चालणार नाही. दोघांच्याही युक्तिवादात लोककल्याणाच्या जोडीला व्यापार आहे. म्हणून निवाडा हेतू पाहून करता येत नाही. परिणाम पाहून करावा लागतो.

ह्या कामी फ्लॅशचे उदाहरण उपयोगी पडते. इंटरनेटच्या पानावर हलती चित्रे, खेळ आणि चित्रफिती दाखविणारे हे जोडसाधन १९९६ मध्ये निघाले आणि २००५ मध्ये अडोबी कंपनीच्या मालकीचे झाले. एका काळी त्याच्याविना इंटरनेट अपुरे वाटे. परंतु २००७ मध्ये आलेल्या आयफोनात त्याला स्थान मिळाले नाही. २९ एप्रिल २०१० रोजी अॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स ह्यांनी जाहीर पत्र लिहून कारणे दिली : फ्लॅश ही एकाच कंपनीची मिरास आहे, ते बॅटरी खाते, त्याच्या सुरक्षिततेत छिद्रे आहेत, ते माउससाठी घडविलेले आहे, बोटासाठी नव्हे, आणि मुख्य म्हणजे फोन व प्रणाली लिहिणारे ह्यांच्यामध्ये तिसऱ्या कंपनीचा थर नको. मूळचे हैदराबादचे असलेले अडोबीचे प्रमुख शंतनू नारायण ह्यांनी प्रत्युत्तर दिले, की ही तांत्रिक कारणे हा आडपडदा असून एकदा लिहिलेली प्रणाली सर्व फोनांवर चालू नये, हाच खरा उद्देश आहे. अखेर २०११ मध्ये अडोबीने मोबाइलवरील फ्लॅशचे काम थांबविले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ते सर्वत्र संपुष्टात आले.

मग अॅपलचा तो नकार योग्य ठरला काय? बव्हंशी होय, परंतु त्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. फ्लॅशची जागा एचटीएमएल ५ ह्या मानकाने घेतली, आणि ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. जुन्या साधनापेक्षा नवे साधन अधिक खुले होते, म्हणून नुकसान भरून निघाले. तेही सगळे नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही अर्ज फ्लॅशवर बेतलेले राहिले होते, म्हणून २०२१ च्या जानेवारीत त्या खात्याला केवळ त्या अर्जांसाठी स्वतःचा ब्राउझर काढावा लागला.

हीच कसोटी रेडिओस लावली की चित्र उलटे दिसते. फ्लॅश खाजगी होते आणि त्याच्या जागी सार्वजनिक मानक आले. एफ. एम. हेच सार्वजनिक मानक आहे. कोणत्याही कंपनीचा ग्राहक कोणत्याही केंद्राची लहर पकडू शकतो. त्याच्या जागी जे येत आहे, त्याला मोबाइल कंपनीचा मनोरा, डेटाचे पैसे आणि अॅप ह्या तिन्हींची अनुज्ञा लागते. अधिक खुल्या वस्तूच्या जागी कमी खुली वस्तू येत असेल, तर तिला प्रगती म्हणण्यापूर्वी विचार करावयास हवा.

सरकारने काय केले?

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये फोन-उत्पादकांच्या संघटनांना सूचनापत्र धाडले. ज्या फोनांत एफ. एम. ग्राहक आहे तेथे तो बंद ठेवू नये, आणि जेथे नाही तेथे तो घालण्याचा विचार करावा, असे त्यात म्हटले होते. गोरगरिबांची सोय आणि आपत्तीतील उपयोग ही कारणेही त्यात नमूद होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानेही तशीच शिफारस केली. परंतु सूचना आणि शिफारस म्हणजे कायदा नव्हे.

कंपन्यांना काहीच सांगता येत नाही, हा समजही खरा नाही. नकोशा जाहिरातींच्या फोनांविषयी तक्रार करण्याचे ह्याच प्राधिकरणाचे अॅप अॅपलने दीर्घकाळ अडवून धरले होते. २०१८ मध्ये प्राधिकरणाने नियम कडक केले, तेव्हा त्या वर्षाच्या अखेरीस ते आयफोनावर आले. मात्र दुसरी बाजूही आहे. मोबाइलवर थेट दूरचित्रवाणी दाखविण्याची योजना पुढे आली, तेव्हा २०२३ मध्ये फोन आणि चिपा बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी दर नगामागे सुमारे ३० डॉलरांचा बोजा पडेल म्हणून विरोध नोंदविला. तेथे नवे यंत्रभाग घालावयाचे होते. रेडिओच्या बाबतीत पुष्कळ फोनांत ग्राहक आधीच बसलेला आहे; निदान त्यांच्यापुरता खर्चाचा मुद्दा फारसा टिकत नाही.

फोनावर मोठ्या आवाजात येणाऱ्या सरकारी इशाऱ्याच्या संदेशांची चाचणी २०२३ मध्ये देशभर झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु तो संदेश मोबाइलच्या मनोऱ्यावरूनच येतो, आणि दोन ओळींत संपतो. पुढचे दोन दिवस काय करावे हे सांगण्यास बोलता आवाज लागतो.

तोवर ग्राहकाच्या हाती एक गोष्ट आहे. फोन घेताना कॅमेरा आणि रंग पाहिला जातो, त्याचप्रमाणे एफ. एम. आहे काय, हे दुकानदारास विचारावे. मागणी नाही ही उत्पादकांची सबब अशाच प्रश्नांनी मोडते. जुन्या इअरफोनची वायर टाकून देऊ नये. आणि नदीकाठच्या घरात पावसाळ्यापूर्वी शिधा भरून ठेवतात, त्या शिध्यात सेलवर चालणारा एक लहान रेडिओ अवश्य असावा. मोबाइलचा मनोरा बंद पडलेल्या रात्री पाणी कोठवर आले हे त्यावरूनच कळेल.